ओटो लिलिएंथाल: २००० वेळा उडालेला आणि स्वतःची फजितीही छापून टाकणारा इंजिनिअर



कामशेतच्या पॅराग्लायडिंगचे रील तुमच्या फीडमध्ये कधी ना कधी आलेच असतील. टेकडीच्या कडेला एक माणूस चार पावलं पळतो, पाय जमिनीवरून सुटतात आणि तो खालच्या शेतांवरून तरंगत जातो. इंजिन नाही, पेट्रोल नाही. अर्ध्या मिनिटात रील संपतं आणि आपण पुढे स्क्रोल करतो.

पण टेकडीवरून पळत सुटायचं, हवेत जायचं आणि परत स्वतःच्या पायांवर उतरायचं, हे पुन्हा पुन्हा करून दाखवणारा पहिला माणूस कोण? तो कुणी स्टंटमॅन नव्हता. तो बर्लिनमध्ये बॉयलरचा कारखाना चालवणारा मेकॅनिकल इंजिनिअर होता. त्याचं नाव ओटो लिलिएंथाल. १८९१ ते १८९६ या काळात त्याने सुमारे २००० उड्डाणं केली आणि वयाच्या ४८व्या वर्षी अशाच एका उड्डाणात तो कोसळला.

त्याची गोष्ट बऱ्याचदा 'उडण्याच्या वेडापायी जीव गमावला' अशा एका ओळीत संपवली जाते. मला ते पटत नाही. ओटो वेडा नव्हता, उलट फार हिशेबी माणूस होता. त्याची खरी कमाई म्हणजे त्याने लिहून ठेवलेले आकडे आणि छापून टाकलेले स्वतःच्या फजितीचे किस्से. आजचे ग्लायडर पायलट ज्या सवयींच्या जोरावर संध्याकाळी सुखरूप घरी जातात, त्यातल्या काही सवयी आपल्याला या माणसात दिसतात. आणि एक गोष्ट त्याच्याकडे कमी होती, तीही कळते. चला, सुरुवातीपासून बघू.

करकोच्यांचा पाठलाग

ओटोचा जन्म २३ मे १८४८ रोजी अंकलाम या गावात झाला. हे गाव आजच्या जर्मनीच्या ईशान्येला, बाल्टिक समुद्राजवळ आहे. वडील कापडाचे व्यापारी होते. आठ मुलांपैकी तीनच जगली: ओटो, त्याच्याहून वर्षभराने लहान असलेला गुस्ताव आणि बहीण मारी. ओटो तेरा वर्षांचा असताना वडील वारले आणि घराचा सगळा भार आईवर आला.

गावाभोवती गवताळ माळरानं होती आणि तिथे करकोचे यायचे. दोघे भाऊ त्यांच्या मागे लपत-छपत जायचे. त्यांच्या एक गोष्ट लक्षात आली. करकोचा उडताना वाऱ्याकडे पाठ करत नाही, तो वाऱ्याच्या तोंडावर धावत जातो. आजही प्रत्येक विमान शक्यतो समोरून वारा घेऊनच टेकऑफ करतं, ते याच कारणाने. समोरून वारा असला की पंखांना हवेचा वेग फुकटात मिळतो.

मग भावांनी पातळ लाकडी फळ्यांचे पंख केले, हातांना बांधले आणि टेकडीवरून धावत सुटले. तेही रात्री! शाळेतली पोरं हसतील म्हणून. अर्थातच काही उडता आलं नाही. पण प्रश्न डोक्यात बसला तो बसलाच.

बॉयलरवाला इंजिनिअर

पुढे ओटो पॉट्सडॅमला तांत्रिक शाळेत शिकला, बर्लिनच्या एका मशिनरी कारखान्यात त्याने हातात हत्यारं घेऊन काम केलं आणि मग तिथल्या तंत्रशिक्षण अकादमीत इंजिनिअरिंग पूर्ण केलं. १८७०-७१ च्या फ्रान्स-प्रशिया युद्धात सैनिक म्हणून जाऊनही आला. १८७८ मध्ये आग्नेस फिशर हिच्याशी त्याचं लग्न झालं. त्यांना चार मुलं झाली.

उडणं हा त्याचा छंद, पोटापाण्याचा धंदा वेगळा. १८८० च्या दशकात त्याने स्वतःचा कारखाना काढला. तिथे छोटी वाफेची इंजिनं आणि बॉयलर बनायचे. त्या काळी बॉयलर फुटून माणसं मरणं नवीन नव्हतं. ओटोच्या बॉयलरमध्ये मोठ्या टाकीऐवजी अरुंद नळीची वेटोळी होती. एका वेळी दाबाखाली थोडंच पाणी, म्हणजे काही बिघडलं तरी स्फोटाचा धोका कमी.

हे मी मुद्दाम सांगतोय. हा माणूस धोक्याशी खेळणारा नव्हता. धोका कमी कसा करायचा, हेच त्याचं रोजचं काम होतं. कारखान्याच्या नफ्यातला हिस्सा तो कामगारांनाही देत असे. त्या काळासाठी ही मोठीच गोष्ट होती.

आधी डेटा, मग उडी

आता मुख्य भाग. ओटोने पहिली खरी उडी मारली १८९१ मध्ये, पण मोजमापं सुरू केली होती त्याच्या वीसेक वर्षं आधी.

१८७० च्या दशकात दोघा भावांनी एक यंत्र केलं. मधे उभा खांब, त्यावर गोल फिरणारा आडवा दांडा आणि दांड्याच्या टोकांना पंखासारखे पृष्ठभाग. वजन खाली सोडलं की दांडा फिरायचा आणि हवा त्या पृष्ठभागाला किती जोराने वर ढकलते, किती मागे ओढते हे मोजता यायचं. पृष्ठभागाचा कोन बदला, परत मोजा. आकार बदला, परत मोजा. आजच्या भाषेत सांगायचं तर टेस्ट केसेस चालवा आणि लॉग ठेवा.

यातून एक महत्त्वाची गोष्ट आकड्यांत सिद्ध झाली. सपाट फळीपेक्षा थोडा बाक दिलेला पंख हवेत कितीतरी जास्त उचल देतो. पक्ष्याचा पंख निरखून बघा, तो वरच्या बाजूला फुगलेला असतो. त्यामागचं गणित ओटोने कागदावर आणलं.

१८८९ मध्ये त्याने हे सगळं पुस्तकरूपात छापलं. पुस्तकाचा विषय होता पक्ष्यांचं उड्डाण आणि त्यावर आधारलेली माणसाची उड्डाणविद्या. तक्ते, आलेख, मापं सगळं खुलं. पंखाच्या बलाचा जो आलेख त्याने मांडला तसल्या आलेखाला जर्मनीत आजही त्याच्या नावाने ओळखतात. थोडक्यात काय, तर त्याने आपला सोर्स कोड ओपन करून टाकला.

पंचवीस मीटरपासून अडीचशे मीटरपर्यंत

१८९१ मध्ये बर्लिनच्या पश्चिमेला डेरविट्झ गावाजवळ ओटो पहिल्यांदा हवेत गेला. अंतर साधारण २५ मीटर, म्हणजे क्रिकेटच्या पिचपेक्षा थोडं जास्त. पण तो थेट उंच कड्यावर गेला नाही, हे लक्षात घ्या. आधी छोटी उंची, मग थोडी जास्त, मग आणखी. १८९३ मध्ये त्याला रिनो गावाजवळच्या टेकड्या सापडल्या आणि तिथे तो २५० मीटरपर्यंत जाऊ लागला.

रोज तिथवर जाणं शक्य नव्हतं. म्हणून १८९४ मध्ये त्याने बर्लिनजवळ लिश्टरफेल्ड इथे मातीची १५ मीटर उंच टेकडीच उभी करून घेतली. टेकडी गोल, म्हणजे वारा कुठूनही येवो, समोरून वारा घेऊन पळता येणार. ग्लायडर ठेवायची खोली टेकडीच्या माथ्यातच.

त्याचं ग्लायडर म्हणजे विलोच्या लवचिक लाकडाचा सांगाडा आणि त्यावर ताणलेलं सुती कापड. वजन जेमतेम २० किलो. पंख घडी होत, त्यामुळे ने-आण सोपी. या मॉडेलच्या प्रती करून त्याने ५०० मार्कांना विकल्यासुद्धा. एकाच नमुन्यावरून बनवून ग्राहकांना विकलेलं हे जगातलं पहिलं उडतं यंत्र मानलं जातं. घेणाऱ्यांत रशियाचे शास्त्रज्ञ निकोलाय झुकोव्हस्की आणि ब्रिटनचा तरुण इंजिनिअर पर्सी पिल्चर हेही होते.

त्याच सुमारास फोटोग्राफी इतकी वेगवान झाली होती की हलत्या वस्तूचा स्पष्ट फोटो निघू लागला. ओटो हवेत असतानाचे शंभराहून जास्त फोटो आज उपलब्ध आहेत. ते मासिकांत छापून जगभर गेले. त्या काळचं व्हायरल होणं म्हणजे हेच! माणूस पंख लावून उडू शकतो, याचा पुरावा लोकांनी डोळ्यांनी बघितला.

स्टिअरिंग म्हणजे स्वतःचे पाय

आता या ग्लायडरचं कंट्रोल समजून घेऊ, कारण पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे.

ओटो ग्लायडरच्या मधल्या जागेत उभा राहायचा, हात आणि कोपरांवर स्वतःला पेलायचा. कमरेखालचं शरीर हवेत लोंबकळत असायचं. ग्लायडर उजवीकडे कललं की पाय डावीकडे फेकायचे. नाक वर गेलं की पाय पुढे फेकायचे. म्हणजे स्वतःचं वजन सरकवून तोल सावरायचा. बस्स, एवढंच स्टिअरिंग.

सायकलवर हँडल न धरता फक्त अंग झुकवून वळण घ्यायचं, असं काहीसं. रस्ता मोकळा असेल तर जमतं. अचानक खड्डा आला तर?

ओटोला ही अडचण कळत होती. १८९५ मध्ये त्याने दोन मजली पंखांचं ग्लायडर केलं. पंख कमी रुंद, म्हणजे शरीराच्या हालचालीचा परिणाम जास्त. नियंत्रणाचे दुसरेही उपाय त्याने आजमावून पाहिले. पण मुख्य भरवसा शेवटपर्यंत शरीराच्या हालचालीवरच राहिला.

१८९४ चा अपघात, जो त्याने लपवला नाही

१८९४ मध्ये एका उड्डाणात त्याचं शरीर प्रमाणाबाहेर मागे गेलं. हात थकले, स्वतःला पुढे ओढता येईना. ग्लायडरचं नाक वर गेलं, वेग संपला आणि मग नाक खाली करून ते कोसळलं. उंची होती सुमारे २० मीटर, म्हणजे सहा-सात मजले.

तो वाचला. कारण त्याने ग्लायडरच्या पुढच्या बाजूला लवचिक लाकडाची एक कमान बसवलेली होती. आपटल्यावर आधी ती कमान मोडली आणि धक्क्याचा जोर तिने घेतला. गाडीचा बंपर करतो तेच काम. किरकोळ जखमांवर निभावलं.

दुसरा कुणी असता तर गप्प बसला असता. ग्राहकांना ग्लायडर विकायची आहेत, लोक आधीच टवाळी करतायत, मग स्वतःच्या पडण्याची जाहिरात कोण करेल? ओटोने मात्र हा अपघात कसा झाला, कुठे चुकलं आणि कमानीमुळे कसा वाचलो हे सगळं छापून प्रसिद्ध केलं.

माझ्या कामात एखादी सिस्टीम बंद पडली की आम्हाला एक रिपोर्ट लिहावा लागतो. काय झालं, का झालं, पुन्हा होऊ नये म्हणून काय करायचं. पहिल्यांदा लिहिताना माझा हात थरथरला होता, कारण चूक माझीच होती. तेव्हापासून ओटोच्या त्या लेखाचं मला जास्त कौतुक वाटतं. त्याच्या रिपोर्टमध्ये तर पणाला लागलेली गोष्ट सर्व्हर नव्हती, मान होती.

९ ऑगस्ट १८९६

तो रविवार होता. ऊन चांगलं पडलं होतं. ओटो रिनोच्या टेकड्यांमधल्या गोलेनबर्ग टेकडीवर आला. सोबत त्याचा मेकॅनिक पाउल बायलिश होता. सुरुवातीची उड्डाणं नीट झाली.

त्यानंतरच्या उड्डाणात उन्हाने तापलेल्या जमिनीवरून वर चढणाऱ्या हवेचा झोत ग्लायडरला लागला. याला थर्मल म्हणतात. उन्हाळ्यात दुपारी घारी पंख न हलवता गोल गोल फिरत वर चढताना दिसतात ना, त्या थर्मलवरच चढत असतात. पण ओटोसाठी हा झोत अचानक आला. नाक वर गेलं, वेग संपला. त्याने शरीर पुढे फेकलं, पण ग्लायडर सावरलं नाही. सुमारे १५ मीटरवरून तो खाली आदळला.

मानेच्या मणक्याला इजा झाली होती. त्याला घोडागाडीतून जवळच्या श्टॉल्न गावात आणलं, मग रेल्वेने बर्लिनला नेलं. १० ऑगस्टला तिथल्या रुग्णालयात त्याचा मृत्यू झाला. मागे आग्नेस आणि चार मुलं.

नेमकं काय झालं? सिंपल भाषेत

लहानपणी एसटीच्या खिडकीतून तळहात बाहेर काढून बघितला असेल (आणि त्यासाठी ओरडाही खाल्ला असेल). तळहात थोडा तिरका केला की हवा त्याला वर उचलते. अजून तिरका केला तर अजून वर. पण एका मर्यादेनंतर उचल एकदम कमी होते आणि हात फक्त मागे ढकलला जातो.

पंखाचंही तसंच. ठराविक कोनापर्यंत हवा पंखाच्या वरच्या बाजूला चिकटून वाहते. कोन त्यापुढे गेला की हवा पंखापासून सुटते आणि उचल कोसळते. याला स्टॉल म्हणतात. इंजिन बंद पडण्याशी याचा काही संबंध नाही. यावर उपाय एकच: नाक खाली करा, कोन कमी करा, वेग परत मिळवा. त्यासाठी दोन गोष्टी लागतात, खाली पुरेशी उंची आणि नाक खाली नेणारं दमदार कंट्रोल. ओटोकडे त्या क्षणी दोन्ही नव्हतं.

आणि बघा, १८९४ मध्ये झालं तेही जवळपास हेच होतं. नाक वर, वेग शून्य, मग कोसळणं. म्हणजे धोका त्याला ठाऊक होता आणि त्याने तो जगाला सांगितलाही होता. फक्त पक्का उपाय मिळायच्या आत तोच धोका पुन्हा समोर आला.

दोष सगळा ग्लायडरचाही नव्हता. जर्मन एअरोस्पेस सेंटरने अलीकडच्या काळात त्याच्या ग्लायडरची हुबेहूब प्रतिकृती बनवून विंड टनेलमध्ये तपासली. रचना मुळात स्थिर असल्याचं दिसलं. शांत हवेत ते नीट उडत होतं, हे त्या २००० उड्डाणांनी आधीच दाखवलं होतं. कमी पडत होता तो बिघडल्यानंतर सावरायचा मार्ग.

बातमी वाचणारे दोन भाऊ

ही बातमी अमेरिकेतल्या डेटन शहरात सायकलचं दुकान चालवणाऱ्या विल्बर आणि ऑर्विल राइट या भावांनीही वाचली. उडण्याच्या प्रश्नाकडे ते गंभीरपणे वळले त्यामागे ओटोचा मृत्यू हे एक मोठं कारण होतं.

त्यांनी ओटोचं काम नीट वाचलं. त्याचा बाकदार पंख, मोजायची शिस्त आणि आधी ग्लायडर, इंजिन नंतर हा क्रम घेतला. कंट्रोल मात्र बदललं. राइट बंधूंनी पंखांची टोकं दोरीने पिळायची युक्ती काढली आणि नाक वर-खाली करायला पुढे वेगळा छोटा पंख बसवला. वजन सरकवण्यावर भरवसा नाही. सरावासाठी त्यांनी मऊ वाळूचा किनारा निवडला आणि जमिनीच्या जवळच राहिले. विल्बरने असाही हिशेब केला होता की पाच वर्षांत ओटो प्रत्यक्ष हवेत होता तो वेळ जेमतेम पाच तास. म्हणजे कंट्रोलइतकीच सरावाचीही गरज आहे. १७ डिसेंबर १९०३ रोजी त्यांचं इंजिन लावलेलं विमान उडालं.

ओटोचा ग्राहक पर्सी पिल्चर मात्र तेवढा नशीबवान नव्हता. १८९९ मध्ये इंग्लंडमध्ये उडत असताना त्याच्या ग्लायडरची शेपटी मोडली आणि तोही गेला. त्याच्या कार्यशाळेत इंजिनवर चालणाऱ्या यंत्राचं काम सुरू होतं.

आजचे ग्लायडर पायलट काय करतात?

जर्मनीत आज जगातले सर्वाधिक ग्लायडर पायलट आहेत. जो थर्मल ओटोला घेऊन गेला, तोच शोधत हे लोक आता शेकडो किलोमीटर जातात. फरक कुठे पडला?

पहिलं, ट्रेनिंग. दोन सीटच्या ग्लायडरमध्ये मागे इन्स्ट्रक्टर बसतो आणि पुरेशा उंचीवर मुद्दाम स्टॉल करायला लावतो. नाक खाली, वेग परत. हात आपोआप तसे चालेपर्यंत.

दुसरं, चेकलिस्ट. उडण्याआधी कंट्रोल पूर्ण फिरतात का, पट्टे लावलेत का, काचेचं झाकण बंद आहे का, हे प्रत्येक वेळी तपासायचं. हजार वेळा उडालेल्यानेही.

तिसरं, गॅजेट. एकाच थर्मलमध्ये चार-पाच ग्लायडर फिरत असतील तर टक्कर होऊ शकते. यासाठी २००४ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये फ्लार्म नावाची सिस्टीम तयार झाली. ती जीपीएसवरून आपली जागा आणि पुढचा अंदाजे मार्ग काढते, रेडिओवरून आसपासच्या ग्लायडरना कळवते आणि टक्कर होणार असं दिसलं की पायलटला इशारा देते. जीपीएस आपल्या खिशातल्या फोनमध्येही असतं, त्याचा वापर किती वेगळा होऊ शकतो बघा.

आणि चौथं सगळ्यात महत्त्वाचं, रिपोर्ट. जर्मनीत विमान अपघातांची चौकशी करणारी स्वतंत्र सरकारी संस्था आहे आणि तिचे अहवाल सगळ्यांना वाचायला खुले असतात. त्यांचा उद्देश दोषी शोधणं हा नसतो, पुढचा अपघात टाळणं हा असतो. ओटोने १८९४ मध्ये एकट्याने जे केलं, ते आता व्यवस्थेचा भाग झालंय.

आपल्याकडे पुण्यात हडपसरला डीजीसीएचं ग्लायडिंग सेंटर आहे, हे बऱ्याच जणांना ठाऊक नसतं. तिथलं ग्लायडर असो की कामशेतचं पॅराशूटसारखं पंख, नियम तेच. तुम्ही कधी जाणार असाल तर स्वस्त पॅकेज किती, याच्या आधी तीन प्रश्न विचारा. पायलटचं ट्रेनिंग झालंय का? रिझर्व्ह पॅराशूट आहे का? आज वारा योग्य नसेल तर उड्डाण रद्द करता का? तिसऱ्या प्रश्नावर समोरचा टाळाटाळ करू लागला तर सरळ चहा पिऊन परत या.

आग्नेसचं विमान

ज्या टेकडीवर ओटो पडला, तिच्या पायथ्याशी श्टॉल्नला आजही ग्लायडर उडतात. तिथे गवतात एक मोठं प्रवासी विमान उभं आहे. २३ ऑक्टोबर १९८९ रोजी पूर्व जर्मनीच्या विमान कंपनीचं चार इंजिनांचं हे इल्युशिन विमान ओटोची आठवण म्हणून तिथल्या गवताच्या छोट्या धावपट्टीवर उतरवलं गेलं. त्याला नाव दिलंय लेडी आग्नेस, ओटोच्या बायकोच्या नावावरून.

उडणाऱ्यांची नावं सगळ्यांना पाठ असतात. संध्याकाळी वाट बघणाऱ्यांची कुणी ठेवत नाही. सुरक्षिततेचे नियम कंटाळवाणे वाटले की मला ते गवतात उभं असलेलं विमान आठवतं.

लेख आवडला असेल तर पुढच्या वीकेंडला पॅराग्लायडिंगला निघालेल्या तुमच्या मित्राला नक्की पाठवा.